पुनर्विकास हवाच, पण आधी सेक्टरचा हिशेब मांडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाशीतील जुन्या इमारतींच्या पुनर्विकासावरून गेले कित्येक महिने सोसायट्यांच्या सभांमध्ये, सकाळच्या फेरफटक्यात आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर जो वाद चालू आहे, त्यात दोनच बाजू ऐकू येतात. एक बाजू म्हणते, जेवढे चटईक्षेत्र, म्हणजे बांधकामाचे एकूण क्षेत्र, मिळेल तेवढे घ्या आणि लवकर घ्या. दुसरी म्हणते, इमारत अजून उभी आहे, दुरुस्ती करा आणि टॉवर येऊ देऊ नका. या दोन्ही बाजूंना मान्य होणार नाही असे काही मला म्हणायचे आहे, आणि ते सभेतल्या गोंधळात नीट मांडता आले नाही म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी निवृत्त शिक्षिका आहे. भूगोल शिकवत असे. १९८६ पासून वाशीत राहते. आमच्या संस्थेच्या पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर माझी सही आहे आणि ती मी मागे घेतलेली नाही, हे आधीच सांगते, कारण प्रश्न विचारणाऱ्याला विरोधक ठरवण्याची घाई हल्ली फार होते.

दुरुस्तीचा आग्रह धरणाऱ्यांविषयी मला आदर आहे. त्यांतले बहुतेक जण माझ्याच वयाचे आहेत. भाड्याच्या घरात तीन-चार वर्षे काढायची, परत आल्यावर वाढलेला देखभाल खर्च निवृत्तिवेतनातून भरायचा, आणि मधल्या काळात विकासकाने काम अर्धवट सोडले तर कोणाकडे जायचे, या त्यांच्या काळज्या खोट्या नाहीत. परंतु आमच्या इमारतीत दुरुस्तीचा काळ संपला आहे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, रात्री पावणेतीनच्या सुमारास, आमच्या मधल्या खोलीच्या छताचा दीड हात लांबीचा तुकडा खाली कोसळला. त्याखाली माझे शिलाई मशीन होते. त्याचे लाकडी झाकण मधोमध दुभंगले. सकाळी उघड्या पडलेल्या सळीला हात लावला, तर तिचे पापुद्रे खारी बिस्किटासारखे सुटून बोटांना लागले. नंतर संरचनात्मक तपासणीसाठी आलेल्या अभियंत्याने हातोडीने छत ठोकून पाहिले, तेव्हा तीनपैकी दोन खोल्यांत आवाज बद्द आला. लोखंडाला गंज चढला की ते फुगते, मूळच्या आकारात मावत नाही आणि सभोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर येते. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या, दमट हवेत चाळीस वर्षे काढलेल्या इमारतीला वरून कितीही गिलावा केला तरी आतली सळी पूर्ववत होत नाही. म्हणून मी सही केली.

आता दुसऱ्या बाजूविषयी. आमच्या संस्थेत तळमजला आणि वर तीन मजले अशा चार इमारतींत मिळून ६४ घरे आहेत. सभेपुढे आलेल्या प्रस्तावांपैकी ज्याला सर्वाधिक पसंती आहे, त्यात आमची ६४ धरून सुमारे २६० घरे त्याच जागेवर उभी राहायची आहेत. प्रत्येक सभासदाला मोठे घर, कॉर्पस निधी (विकासकाने द्यायची एकरकमी रक्कम), भाडे आणि दोन गाड्यांची जागा, असा तो प्रस्ताव आहे. सभेत त्यावर तीन तास चर्चा झाली. त्यांतला बहुतेक वेळ कार्पेट क्षेत्रातले वीस-पंचवीस चौरस फूट वाढवून घेण्यात गेला. सांडपाणी, पावसाचे पाणी, पिण्याचे पाणी आणि शेजारच्या संस्था यांविषयी मी विचारले, तेव्हा ‘तो आपला विषय नाही, ते परवानगी देणारे बघतील’ असे उत्तर मिळाले, आणि माझी तक्रार या उत्तराविषयीच आहे. सभासद म्हणतात परवानगी देणारे बघतील. परवानगी देणारी यंत्रणा समोर आलेल्या एका भूखंडाचा नकाशा तपासते. विकासक त्या भूखंडाच्या कुंपणापुरता जबाबदार असतो. कुंपणापलीकडे जो सेक्टर आहे, त्याचा हिशेब कोणाच्याच टेबलावर नसतो.

कायद्याची रचनाही तशीच आहे. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली ४ जुलै २०१९ रोजी निघालेल्या निर्देशांनी सभासदांचे हित बऱ्यापैकी जपले आहे: एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती, विकासक निवडण्याच्या सभेला निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी, सभेचे चित्रीकरण. ही व्यवस्था चांगली आहे आणि तिच्यामुळे पूर्वीची लपवाछपवी कमी झाली. पण ती संस्थेच्या आतल्या प्रामाणिकपणाची व्यवस्था आहे. सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या शासकीय महामंडळाने, बांधलेल्या मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी २०१५ मध्ये राज्य शासनाने अडीचपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या अडीचपटीपर्यंत बांधकाम, दिला. त्यानंतर डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. घर पडायला आलेल्या माणसाला पदरचे पैसे न घालता घर बांधून मिळावे, हा त्यामागचा हेतू योग्यच होता. परंतु एका संस्थेने वापरलेले वाढीव चटईक्षेत्र आणि एकाच सेक्टरातल्या वीस संस्थांनी पाच वर्षांच्या आत वापरलेले वाढीव चटईक्षेत्र या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सोसवते. दुसरीसाठी गावच नव्याने आखावे लागते.

हे गाव कशावर उभे आहे, ते इथे सांगितले पाहिजे, कारण नव्या पिढीला ते ठाऊक नाही आणि विकासकाच्या माहितीपत्रकात ते छापलेले नसते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रविणा मेहता व अभियंता शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्याला मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. त्या जमिनींचा खाडीकाठचा मोठा भाग भातखाचरे, मिठागरे आणि पाणथळ असा होता. भराव घालूनही वाशीचा बराच भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून येथे धारण तलाव खोदले गेले. भरती आली की खाडीच्या तोंडाची झडप बाहेरच्या पाण्याच्या दाबाने बंद होते, शहरातल्या गटारांचे पावसाळी पाणी तेवढे तास तलावात साठते, आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडून ते खाडीत जाते. या पद्धतीला सगळे डच पद्धत म्हणतात. माझे माहेर पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावचे. आमच्याकडे या झडपेला उघाडी म्हणतात, आणि खारभूमीतला आगरी शेतकरी बांध घालून, उघाडी बसवून, समुद्राच्या पातळीखाली भात पिकवत आला आहे. माझे वडील पावसाळ्यात ओहोटीची वेळ साधून उघाडीवर जात, कारण एखादा ओंडका फळीत अडकून राहिला तर पुढच्या भरतीला खारे पाणी आत येई आणि त्या खाचरात दोन-तीन वर्षे धड भात होत नसे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा ढोबळ हिशेब त्यांनीच मला शिकवला: पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्याच्या आगेमागे पूर्ण भरती. पुढे वर्गात चंद्र आणि भरती-ओहोटीचा धडा शिकवताना मी मुलांना हाच हिशेब घालायला लावत असे.

गेल्या वर्षी दिव्याच्या अवसेला दुपारच्या उधाणाच्या वेळेस जोराचा पाऊस झाला. आमच्या तळमजल्याच्या जिन्याच्या दोन पायऱ्या पाण्याखाली गेल्या आणि तळमजल्यावरच्या कुटुंबाने तांदळाचे डबे ओट्यावर चढवले. संध्याकाळी ओहोटी लागल्यावर मी मुद्दाम धारण तलावाच्या काठी गेले. तलावाच्या मध्यभागी एक बगळा उभा होता आणि पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंतही पोहोचत नव्हते. सगळीकडे गाळ, त्यावर दाट कांदळवन, आणि झडपेच्या खाचेत अडकलेली गोणपाटाची गुंडाळी, ज्यामुळे ती झडप पुरती मिटतच नव्हती. कोणा एकाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्या तलावात भरतीबरोबर खाडीचा गाळ वर्षानुवर्षे येत राहिला आहे. गाळावर कांदळवन उगवले की त्याला कायद्याचे संरक्षण मिळते. कांदळवनांची तोड आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातले बांधकाम यांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेला निकाल स्पष्ट आहे आणि तो योग्यही आहे. पण जो तलाव पावसाचे पाणी धरण्यासाठी खोदला, तो गाळाने भरल्यावर पाणी धरेल कसा? न्यायालयाच्या परवानगीने, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, झडपेपाशी आणि तलावाच्या मध्यभागी गाळ काढण्याचा आणि तोडलेल्या कांदळवनाच्या बदल्यात अन्यत्र लागवड करण्याचा मार्ग मोकळा आहे. तो नेटाने पूर्ण करावा लागेल.

आता या तलावाचा आणि टॉवरचा संबंध पाहू. एक एकर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर चार लाख लिटर पाणी जमते. दहा हजार लिटरचे टँकर धरले तर चाळीस टँकर. पावसाळ्यात एवढा पाऊस एका दिवसात पडणे आपल्याकडे नवलाचे नाही. आज आमच्या चार इमारतींमध्ये मातीची मोकळी जागा आहे, कडुनिंब आहे, सोनमोहोर आहे. पावसातले काही पाणी तेथे मुरते, उरलेले हळूहळू गटारात जाते. प्रस्तावित नकाशात तळघरातली वाहनतळे आणि त्यांवरचा पोडियम, म्हणजे काँक्रीटचा उंच चौथरा, भूखंडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलेला आहे. म्हणजे पडलेला प्रत्येक थेंब काही मिनिटांत गटारात येणार. उघाडी बंद असताना तो जाणार कोठे? शिवाय या भरावाच्या जमिनीत थोडे खणले तरी पाणी लागते. दोन-तीन मजली तळघर खोदायचे म्हणजे बांधकामभर पंप लावून पाणी उपसायचे आणि तेही त्याच पावसाळी गटारात सोडायचे. पुढे तळघरात झिरपणारे पाणी कायमचे उपसत राहायचे. पर्जन्यजलसंधारणाची अट पूर्ण करण्यासाठी नकाशावर शोषखड्डे दाखवले जातात, पण जिथे भूजल पायाखालीच आहे तिथे शोषखड्डा काय शोषणार? त्याऐवजी पाणी साठवणाऱ्या टाक्याच बांधायला हव्यात. त्या पावसाचे पाणी भरतीचे तास उलटेपर्यंत धरून ठेवतील आणि ओहोटीला सोडतील, म्हणजे प्रत्येक संस्था आपापला छोटा धारण तलाव स्वतः बांधेल. वाहनतळ तळघरात न घेता जमिनीवर आणि वरच्या मजल्यांवर घ्यावीत. खर्च वाढेल, आणि सभासदाच्या पदरी पडणारे क्षेत्र थोडे कमी होईल. ते कमी व्हावे, असे मी सभेत बोलले आणि येथेही लिहिते.

पिण्याच्या पाण्याबाबत नवी मुंबई भाग्यवान आहे. मोरबे धरण महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचे आहे, त्याची रचना दिवसाला ४५० दशलक्ष लिटर पाणी देण्यासाठी केलेली आहे, आणि इतर बहुतेक शहरांना असे सुख नाही. पण माणशी रोज १३५ लिटर हा नेहमीचा मापदंड आणि घरटी चार माणसे धरली, तर आमच्या ६४ घरांना रोज सुमारे साडेचौतीस हजार लिटर लागतात आणि २६० घरांना एक लाख चाळीस हजार लिटर लागतील. पाणी धरणात असणे आणि ते चाळीस वर्षांपूर्वी टाकलेल्या सेक्टरातल्या वाहिनीतून चौपट प्रमाणात वाहणे यात फरक आहे. आलेले पाणी सांडपाणी होऊन परत जाते, त्याच्या वाहिन्याही त्याच काळातल्या आहेत. रस्ते आणि लोकलची गर्दी यांविषयी सगळेच लिहितात, म्हणून मी लिहीत नाही.

मैदानांविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. सेक्टरातच शाळा, बाजार आणि खेळायची जागा, आणि मुलाला मोठा रस्ता न ओलांडता तेथे जाता यावे, या विचाराने ही वस्ती आखली गेली. माझे विद्यार्थी दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेत क्रिकेट खेळत, आणि चेंडू तळमजल्यावरच्या आजींच्या तुळशीत गेला की बोलणी खात. शिरीष पटेल पुढे अनेक वर्षे सांगत राहिले की केवळ चटईक्षेत्र निर्देशांकावरून वस्तीची दाटी कळत नाही; घरात, रस्त्यावर आणि उद्यानात दर हेक्टरी किती माणसे येतात ते मोजले पाहिजे. या कसोटीने पाहिले, तर घरातली दाटी पुनर्विकासाने कमी होईल, आमची घरे मोठी होतील; पण रस्ता तेवढाच, मैदान तेवढेच आणि माणसे चौपट. पोडियमवरची बाग ही त्या संस्थेच्या सभासदांची, पासवर उघडणारी बाग आहे. आमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंच्या मुलाला तेथे खेळता येणार नाही, आणि शेजारच्या संस्थेतल्या मुलालाही नाही. पोडियमच्या बागेकडे बोट दाखवून सेक्टरातले एक चौरस मीटर मैदानही कमी करू नये, असे मला निक्षून सांगायचे आहे.

‘तुम्ही अभ्यास करत बसा, तोवर कोणाच्या डोक्यावर स्लॅब पडला तर?’ असे सभेत मला विचारले गेले. प्रश्न रास्त आहे, आणि ज्यांच्या घरी छत पडले आहे त्यांना तो विचारण्याचा अधिकारही आहे. पण माझ्याही घरी पडले आहे. ज्या इमारती तपासणीत अतिधोकादायक ठरल्या आहेत, त्यांचे काम आजच सुरू व्हावे, त्यांना कोणत्याही अभ्यासासाठी थांबवू नये. बाकीच्या संस्थांना एकाच वेळी परवानगी न देता ती टप्प्याटप्प्याने द्यावी आणि प्रत्येक टप्पा धारण तलावाच्या गाळाशी, जलवाहिनीशी आणि मलवाहिनीशी जोडावा. एवढा हिशेब करायला वर्षे लागत नाहीत. सेक्टराची उंचसखल पातळी, गटारांची क्षमता आणि तलावाची खोली मोजून नकाशावर मांडणे हे काही महिन्यांचे काम आहे, आणि ते झाल्यावर लोकांसमोर ठेवून हरकती-सूचना मागवाव्यात. वाढीव चटईक्षेत्रासाठी विकासक जे अधिमूल्य भरतात, त्यातला ठरावीक वाटा ज्या सेक्टरातून आला त्याच सेक्टरात खर्च व्हावा आणि त्याचा जमाखर्च दर वर्षी छापून लावावा. माझ्या घराच्या बदल्यात आलेला पैसा माझ्या दारातले गटार रुंद करायला वापरला जावा, ही मागणी अवाजवी आहे असे मला वाटत नाही.

या वादात मूळच्या वाशी गावातल्या लोकांना कोणी बोलावत नाही, याचे मला वाईट वाटते. ज्यांच्या जमिनींवर आपण सारे राहतो, ज्यांना आपल्या हक्कासाठी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या जासईला गोळ्या झेलाव्या लागल्या, त्या आगरी आणि कोळी कुटुंबांना पाणी कुठून येते आणि कुठे अडते हे आपल्यापेक्षा चांगले कळते. सेक्टरांची जमीन भराव घालून उंचावली, आणि आधीपासून वसलेली गावठाणे खोलगट राहिली. टॉवरच्या पोडियमवरून उतरलेले पाणी आधी त्यांच्या ओट्यावर जाईल. हरकती-सूचनांच्या सुनावणीत पहिला शब्द त्यांचा असावा.

पुढच्या महिन्यात आमच्या संस्थेची विशेष सर्वसाधारण सभा आहे. माझ्या संमतिपत्राला मी एक पान जोडले आहे. त्यावर तीन प्रश्न आहेत: उधाणाच्या भरतीला आपल्या भूखंडावरचे पावसाचे पाणी किती तास आणि कोठे थांबेल, २६० घरांचे सांडपाणी कोणत्या व्यासाच्या वाहिनीतून जाईल, आणि पोडियमबाहेर, पासविना, सर्वांना खुली अशी मातीची जागा किती उरेल. प्रस्ताव देणाऱ्या प्रत्येक विकासकाने ही उत्तरे लेखी द्यावीत आणि ती निविदेचा भाग व्हावीत, अशी सूचना मी सभेत मांडणार आहे. वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर येथील ज्या संस्था अशा सभा घेणार आहेत, त्यांच्या सभासदांनीही हे प्रश्न आपल्या सभेत विचारावेत आणि मिळालेली उत्तरे आपल्या वृत्तपत्राकडे पाठवावीत, ही विनंती.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, वाशी, नवी मुंबई